अर्ध्या पानाची दाढी

प्लॉट नापास झाला. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. निरीक्षकानं शेरा मारला, तांब्याभर पाणी प्यायला आणि गेला.

आता हे विसरून जायचं. असलं काही झालेलं नाही. नऊ वर्षं त्या घराचा भेंडीच्या बियाण्याचा प्लॉट एकदाही न चुकता पास होत आला होता, तो यंदाच नापास कशाला होईल? पुढच्या खोलीत खिळ्याला एक तार होती, तारेत पास झाल्याच्या नऊ पिवळ्या पावत्या ओवलेल्या होत्या, आणि तारेखाली तात्या खुर्ची टाकून बसत. कावळ्यांपासून जपायला हव्यात अशा बेतानं ते अधूनमधून वर बघत. पावत्यांवर नाव तात्यांचं होतं. काम मात्र त्यांच्या सुनेच्या हाताचं होतं, आणि हाताचं म्हणजे अगदी हाताच्याच कातडीचं.

सुनेला घरात सगळे मखमल म्हणत. हे लाडाचं नाव नव्हतं. ती या घरात आली त्या पहिल्याच हंगामात भेंडीच्या वावरातून बाहेर आली तेव्हा तिचे दोन्ही हात कोपरापर्यंत लाल झाले होते आणि त्यावर राईएवढे फोड आले होते. थोरली नणंद, म्हणजे आक्का, तेव्हा कमरेवर हात ठेवून म्हणाली होती, "शेतकऱ्याच्या घरात मखमल आणली गं बाई आपण. आता हिला कपाटात ठेवायची की काय?" आक्कानं लग्न केलं नव्हतं. ती शेताची मालकीण, मुकादम आणि घड्याळ होती. धाकट्या भावाला ती बेचाळिसाव्या वर्षीही "बाळ" म्हणायची आणि बाळ डोक्यावरच्या टकलासकट ओ द्यायचा.

तर ही कपाटात ठेवायची मखमल दुसऱ्या वर्षी घराचं हत्यार झाली. ती कशी, त्यासाठी प्लॉटाचा कायदा माहीत पाहिजे.

बियाण्याचा प्लॉट म्हणजे भाजीचं वावर नव्हे. इथं कोवळी भेंडी तोडायची नसते. ती झाडावरच वाळू द्यायची, शेंग तडकायला लागली की काढायची, आणि बी सरकारच्या बियाणे खात्याला घालायचं. खात्याची अट एकच. प्लॉटातलं प्रत्येक झाड खात्याच्या कागदात जसं लिहिलंय तसं दिसलं पाहिजे. कागदात लिहिलं होतं, 'पान: गुळगुळीत.' भाजी तोडणाऱ्या बायकांचे हात खाजू नयेत म्हणून खात्यानं मुद्दाम हा वाण काढला होता. म्हणजे हेतू चांगला होता. हेतू चांगला असला की पुढं बिघडल्यावर कोणाची मान धरायची ते कळत नाही, एवढंच.

पण दरसाल शंभरातली एक-दोन झाडं कागद न वाचताच उगवायची. त्यांच्या पानांवर आणि देठांवर बारीक, ताठ लव असायची. अशा झाडाला भेसळ म्हणायचं आणि फूल धरायच्या आत मुळासकट उपटायचं. फूल धरल्यावर एकही सापडलं तर प्लॉट गेला, कारण मधमाशा त्याचा पराग गावभर वाटतात. रोप लहान असताना ही लव डोळ्यांना दिसत नाही. लोक उन्हाकडे पान धरून, डोळे बारीक करून, अंदाजानं उपटत. या घरात अंदाज नव्हता. मखमल बाह्या वर करून दोन ओळींमधून चालत जायची, दोन्ही हात पानांना घासत. हात पेटला की थांबायची. "हे." मागून येणारा बाळ ते झाड उपटायचा. चार हजार झाडं, दोन सकाळी, एकही चूक नाही. तिसऱ्या सकाळी ती हातांना खोबरेल चोपडून बसायची आणि आक्का तिला आयता चहा द्यायची. वर्षातनं एकदाच.

तपासणीला निरीक्षक आले की तात्या सांगायचे, "आमच्याकडं भिंग नाही. सून आहे."

त्या वर्षी चूक झाली ती कापडामुळं. भेसळ काढायच्या आदल्या आठवड्यात वावर खुरपताना मखमलचे हात आधीच सोलवटून निघाले होते. पहिल्या सकाळी तिनं दात आवळून निम्मा प्लॉट केला. दुसऱ्या सकाळी पाणी लावलं तरी हाताची आग होत होती. बाळाला दया आली. त्यानं आपली एक जुनी पॅन्ट घेतली, दोन्ही पाय गुडघ्यापासून कापले आणि बायकोच्या हातांत चढवले.

"घाल. थोडा आराम पडेल."

"अहो, पण मग मला कळणार कसं?"

"आठातल्या विहिरीकडच्या चारच ओळी राहिल्यात. डोळ्यांनी बघ की. सगळं जग डोळ्यांनीच बघतं."

तिनं डोळ्यांनी बघितलं. सगळ्या जगाला जेवढं दिसतं तेवढंच तिलाही दिसलं. चार ओळी तिनं पॅन्ट घालून पार केल्या आणि एकही झाड उपटलं नाही. आराम मात्र खरंच पडला.

दीड महिन्यानं तुडतुडे आले.

तुडतुडा म्हणजे ज्वारीच्या दाण्याहून लहान, फिक्या हिरव्या रंगाचा जीव. पानाच्या खालच्या बाजूला बसतो, शिरेजवळ सोंड खुपसून रस पितो, आणि हात लागला की खेकड्यासारखा तिरका पळतो. सरळ चालणं त्याच्या घराण्यात नाही. त्या साली पाऊस मध्येच उघडला, दमट ऊन पडलं आणि तुडतुड्यांचं असं पेव फुटलं की ओळीतून चाललं तर लुगड्यावर टपटप आवाज यायचा. आधी पानांच्या कडा पिवळ्या पडल्या. मग त्या वर वळल्या, पान वाटीसारखं झालं. मग कडा तांबूस होऊन करपल्या, कोणी पानापानाला काडी लावत गेल्यासारख्या.

बाळानं पाठीवर पंप घेतला. पहिली फवारणी केली. तुडतुडे उडून शेजारच्या ओळीत गेले आणि औषध वाळल्यावर परत आले. दुसरी केली. तिसऱ्या फवारणीला पंपाच्या पट्ट्यानं त्याच्या खांद्यावर वळ उठला होता, डोळे चुरचुरत होते आणि तोंडाला कडू चव होती. तो बांधावर बसला आणि नाक शिंकरून म्हणाला, "आक्का, मी यांना तीन वेळा आंघोळ घातली. आता पावडर लावायची राहिलीय."

"बस गप. औषधाच्या वासानं जातील तर जातील."

"वास मला लागतोय. त्यांना भूक लागतेय."

आठवड्याभरात प्लॉट विटकरी झाला. शेंगा धरल्या होत्या त्यातल्या निम्म्या भरल्या, बाकीच्या पोचट राहिल्या. आणि मग एका सकाळी आक्का विहिरीवर मोटार चालू करायला गेली, ती मोटार न लावताच परत आली.

"मखमल, बाहेर ये जरा."

विहिरीकडच्या चार ओळींत, करपलेल्या झाडांच्या मधेमधे, काही झाडं हिरवीगार उभी होती. हिरवी म्हणजे लाज वाटावी इतकी हिरवी. पानं सपाट, रुंद, शेंगा टपोऱ्या. रस्त्यावरून जाणाऱ्यालाही मोजता आली असती.

मखमलनं बाही वर केली आणि पहिल्या झाडाच्या पानावर हात फिरवला. हात पेटला. दुसऱ्या झाडाला लावला, पेटला. पंचेचाळीस झाडं. पंचेचाळीसच्या पंचेचाळीस भेसळ, फुलावर येऊन शेंगा धरलेली.

"पॅन्ट," ती म्हणाली.

"काय पॅन्ट?"

"काही नाही."

पण आक्काला समजायला वेळ लागला नाही. तिनं भावाकडे बघितलं. भाऊ आपल्या पायांकडे बघू लागला, कापलेली पॅन्ट अजून तिथंच असावी तसा.

दुपारी पुढच्या खोलीत, तारेखाली, तात्यांनी निकाल दिला. तात्यांना कमी ऐकू यायचं, त्यामुळं ते निकाल आधी देत आणि बाजू नंतर ऐकत.

"सोमवारी निरीक्षक येतोय. त्याच्या आत ती झाडं उपटा. फुलं कधी आली होती, हे त्याला झाड सांगणार नाही."

"तात्या," बाळ मोठ्यानं म्हणाला, "ती सोडली तर प्लॉटात हिरवं झाडच नाही!"

"हिरव्याची अट कुठं आहे? गुळगुळीत पाहिजे. मेलेलं झाड गुळगुळीत नसतं का?"

खात्याच्या कागदात झाड कसं असावं ते लिहिलं होतं. ते असावं की नसावं, याबद्दल कागद गप्प होता.

आक्का म्हणाली, "निम्म्या शेंगा भरल्यात. पास झाला तर तेवढं बी तरी खातं उचलेल. चार महिने राबलोय. नापास झाला तर तेही गेलं, आणि खात्याच्या यादीतलं नावही गेलं." मग ती सुनेकडं वळली. आवाज चढवला नाही, हेच वाईट होतं. "हात तुझा चुकला. उपटायचीही तूच. बाळ येणार नाही मदतीला."

मखमल एकटी गेली. उन्हानं बांध तापला होता. तिनं पहिलं झाड दोन्ही हातांनी बुंध्याशी धरलं, टाच रोवली आणि ओढलं. करपलेली झाडं धक्क्यासरशी येत होती. हे हललंसुद्धा नाही. तिनं माती उकरली, पुन्हा ओढलं, हाताचे तळवे सोलले, आणि ते एकदम निघालं तेव्हा ती मागच्या सरीत बसली, झाड मांडीवर. दुसरं काढायला तेवढाच वेळ लागला. त्यालाही ती तशीच बसली. आता दोन्ही मांड्यांवर एकेक झाड, तोंडावर माती, आणि कोपरापर्यंत हात पेटलेले. मोटारीवर बसलेला एक साळुंकीचा जोडा तिच्याकडं बघत होता. त्यांच्या बघण्यात आक्काचा थोडा भाव होता.

उठायच्या आधी दम खावा म्हणून तिनं मांडीवरचं पान उलटं केलं. सवयीनं. गेले पंधरा दिवस घरातला प्रत्येक माणूस दिसेल ते पान उलटं करून बघत होता. पानाखाली तुडतुडा नव्हता. दुसऱ्या पानाखाली नव्हता. पाचव्या पानाखाली एक होता.

तिनं शेजारच्या करपलेल्या झाडाचं त्यातल्या त्यात बरं पान उलटं केलं. अकरा.

ती त्या एका तुडतुड्याकडं परत आली आणि वाकून बघत राहिली. तो शिरेकडं निघाला होता. लव शिरेवर सर्वांत दाट होती, कुंपणासारखी. तो तिरका गेला, अडला. दुसऱ्या बाजूनं तिरका गेला, अडला. पाय लवेच्या टोकांवर, पोट अधांतरी, सोंड खाली वाकवलेली. पानापर्यंत पोचतच नव्हती. ताटात वाढलंय पण पाट इतका उंच की हात पुरत नाही, अशा पाहुण्यासारखा तो थोडा वेळ तिथं लटकला आणि मग उडून शेजारच्या झाडावर गेला, जिथं पाट नव्हता.

मखमलनं आपल्या लाल हाताकडं बघितलं. मग पानाकडं. नऊ वर्षं ती याच गोष्टीला हात लावून "हे" म्हणत होती.

दोन्ही उपटलेली झाडं खांद्यावर टाकून ती घरी आली आणि ती तिनं तात्यांच्या खुर्चीपुढं ठेवली.

"दोन काढली. उरलेली त्रेचाळीस काढणार नाही."

"काय म्हणते?" तात्यांनी विचारलं.

"नाही म्हणते!" बाळ ओरडला. त्याच्या ओरडण्यात आनंद मिसळला आहे असं आक्काला वाटलं, आणि ते खरं होतं.

"या पानांवर तुडतुडा बसू शकत नाही, आक्का. लवेमुळं. त्याची सोंड पोचत नाही. अंडी घालायला शिरेत भोक पाडावं लागतं, तेही जमत नाही. झाडानं स्वतःच अंगावर काटा आणलाय."

"केसांना तुडतुडे भीत असते तर तात्यांच्या मिशांना बघून गाव सोडून गेले असते."

"भीत नाहीत. अडतात."

"तू पाच-सहा पानं बघितलीस आणि शास्त्र काढलंस. जमीन वेगळी असेल. विहिरीचा ओलावा असेल. झाड मुळातच दांडगं असेल. लवच कशावरून?"

हा प्रश्न खरा होता. मखमलला माहीत होतं, पण हाताला माहीत असणं आणि तोंडानं सांगता येणं यात बरंच अंतर असतं. तिची नजर खोलीभर फिरली. कोनाड्यात आरसा होता, आरशाखाली तात्यांचा वस्तरा.

"लव काढून बघू," ती म्हणाली. "तेच झाड, तेच पान, तीच जमीन. अर्ध्या पानाची लव काढायची, अर्ध्याची ठेवायची. मग तुडतुड्यांनाच विचारू."

"म्हणजे काय करायचं?"

"दाढी."

मग बाळानं ते तात्यांच्या कानात सांगितलं, दोनदा. तात्यांनी वस्तऱ्याकडं बघितलं. तात्यांचा हात पेला धरताना थरथरायचा, सही करताना थरथरायचा, वस्तरा धरला की मात्र दगडासारखा स्थिर व्हायचा. एके काळी गावभराच्या दाढ्या केलेला हा हात गेली दहा वर्षं फक्त त्यांच्या स्वतःच्या गालापुरता उरला होता.

"पात्याला धार लावावी लागेल," ते म्हणाले आणि उठले. निकाल दिल्यानंतर तात्या खुर्चीतून उठल्याची ही पहिलीच वेळ.

संध्याकाळच्या उन्हात चौघं विहिरीकडं गेली. बाळानं सरीत पाट ठेवला, तात्या त्यावर बसले. मखमलनं झाडाचं पान न तोडता अलगद उलटं करून ताटलीच्या पाठीवर पसरलं. आक्का ताटली धरून उभी राहिली, तोंड दुसरीकडं करून, आपण इथं नाही अशा रीतीनं.

"साबण?" तात्यांनी विचारलं.

"साबण नको, तात्या. साबणानं तुडतुडे मरतात. मग खोटी साक्ष होईल."

"बिनसाबणाची दाढी मी शत्रूचीसुद्धा केलेली नाही."

"पाणी लावा थोडं."

पहिल्या पानाला वस्तरा लागला. शीर कापली गेली, पाणी आलं.

"कापलंत," आक्का तोंड फिरवूनच म्हणाली.

"गिऱ्हाईक हललं."

ते पान सोडून दिलं. दुसरं जमलं. मधल्या शिरेच्या उजवीकडची लव पात्यावर पांढऱ्या धुळीसारखी जमा झाली. डावीकडची तशीच राहिली. तात्यांनी भुवया चढवून पान तिरपं करून बघितलं, एका जागी परत हात फिरवला आणि सवयीनं म्हणाले, "मान वर." मग त्यांनी आणखी दोन झाडांचं एकेक पान केलं. तीन पानं, तीन अर्ध्या दाढ्या. उठताना ते म्हणाले, "एवढं शांत गिऱ्हाईक बघितलं नाही. राजकारण नाही, काही नाही."

शुक्रवार गेला. शनिवार गेला. मखमलनं त्या झाडांना हात लावायचा नाही असं सगळ्यांना बजावलं होतं, तरी बाळ पंप दुरुस्त करायच्या निमित्तानं दोनदा तिकडं जाऊन आला. पंप घरात होता.

रविवारी सकाळी चौघं पुन्हा गेली. मोजायचं काम आक्कानं मागून घेतलं. "तू नको. तू बाजूची आहेस." तिनं पान हळूच उलटं केलं आणि ओठ हलवत मोजलं. पहिलं पान: केलेल्या बाजूला नऊ, न केलेल्या बाजूला एक. दुसरं: बारा, आणि शून्य. तिसरं: सात, आणि दोन. केलेल्या बाजूची कड पिवळी पडून वर वळायला लागली होती. उरलेली बाजू सपाट. एकाच पानाचा अर्धा भाग आजारी आणि अर्धा धडधाकट, मधे फक्त शीर.

आक्कानं तिसरं पान पुन्हा मोजलं. मग ती सरळ उभी राहिली आणि कमरेवर हात ठेवून त्रेचाळीस झाडांकडं बघत म्हणाली, "नऊ वर्षं आपण चांगली झाडं उपटून वाईट झाडांचं बी ठेवलं."

"वाईट नाही, आक्का. गुळगुळीत."

"तेच ते."

मग एक शेंग दाबून बघत आक्का म्हणाली, "एका शेंगेत पन्नास तरी बिया. झाडाला वीस शेंगा. या त्रेचाळिसांच्या बियांत असली आठ-दहा वावरं पेरून होतील." हिशेब तिचा बरोबर होता. आणि कोणीही न विचारता ती पुढं म्हणाली, "तोडणाऱ्या बायका कुरकुर करतील खाजतंय म्हणून. त्यांना बाह्या शिवून देऊ. बाळाच्या पॅन्टी आहेत."

"आक्का!"

"अरे, तू घरातच तर असतोस."

तात्यांना बाळानं मोठ्यानं आकडे सांगितले. तात्यांनी ऐकलं आणि खूप विचार करून विचारलं, "म्हणजे उद्या निरीक्षकासमोर झाडं उभीच राहणार?"

"उभीच," मखमल म्हणाली.

"मग मी नवीन सदरा घालतो."

सोमवारी निरीक्षक आला. तरुण होता, पॅन्टचे पाय मोज्यांत खोचलेले, गळ्यात दोरीला भिंग. माणूस वाईट नव्हता. त्यानं प्लॉटात पाच ठिकाणी शंभर-शंभर झाडं मोजली. पहिल्या चार ठिकाणी प्रत्येक करपलेल्या झाडाशी थांबून त्यानं कागदावर खूण केली.

"हे मेलंय, साहेब," मखमल म्हणाली.

"वाणाप्रमाणं आहे."

"मेलंय पण."

"वाणाप्रमाणं मेलंय." त्यानं पेन्सिल चाटली. "शंभर टक्के शुद्ध. फार क्वचित बघायला मिळतं."

पाचवं ठिकाण विहिरीकडं होतं. तिथं तो थांबला. हिरव्या झाडापुढं उभा राहिला, बघितलं, आणि त्याच्या चेहऱ्यावर खरंच दुःख आलं.

"ही भेसळ आहे."

"हो," मखमल म्हणाली. "त्रेचाळीस आहेत. मोजायचा त्रास नको."

"तुम्हाला माहीत होतं?"

"माझ्या हातांना माहीत होतं. नऊ वर्षं खात्याच्या नोकरीत आहेत ते, बिनपगारी." तिनं बाही वर करून हात पुढं केला.

निरीक्षकानं हात बघितला, झाड बघितलं, आणि मग त्याची नजर एका पानावर खिळली. "हे काय?"

"दाढी केलीय."

"कोणाची?"

"पानाची. अर्धीच. तात्यांनी केली." तात्यांनी नवीन सदऱ्याची कॉलर नीट केली. "साहेब, भिंग लावा आणि खालून बघा."

"पानाची खालची बाजू तपासणीत येत नाही."

"तुडतुडा तिथंच बसतो."

निरीक्षक घोटाळला. मग त्यानं इकडंतिकडं बघितलं, वरिष्ठ भेंडीत लपलेले असावेत तसं, आणि तो सरीत गुडघ्यावर बसला. भिंग डोळ्याला लावून तो पानाखाली शिरला. बराच वेळ आत होता. केलेली बाजू, न केलेली बाजू, दुसरं पान, तिसरं. बाहेर आला तेव्हा मनगटं लाल झाली होती आणि तो ती खाजवत होता.

"बरोबर आहे तुमचं," तो म्हणाला.

"मग?"

"मग काही नाही. नापास."

बाळ पुढं सरकला. आक्कानं त्याचा दंड धरला.

"माझ्या कागदात 'बरोबर' असा रकाना नाही," निरीक्षक म्हणाला, आणि तो चेष्टा करत नव्हता. "आणि लव आली म्हणजे सगळं भागलं असंही नाही. पांढरी माशी लवेत उलट सुखानं राहते."

"माहीत आहे. चार सापडल्या. एका कुलपानं सगळे चोर थांबत नाहीत, म्हणून काय दार उघडं टाकून झोपायचं? माशी आली की माशीचं बघू."

निरीक्षक हसला. मग आवाज खाली आणून म्हणाला, "तुम्ही हा नवीन वाण म्हणून नोंदवा की. रीतसर अर्ज असतो."

"काय लागतं?"

"फारसं नाही. वर्णन, झाडांची संख्या, आणि पास झालेल्या प्लॉटातलं पाव किलो बी."

चौघांनी त्याच्याकडं बघितलं. निरीक्षकालाही आपण काय बोललो ते हळूहळू कळलं. त्यानं शेरा लिहिला, आक्कानं दिलेलं पाणी प्यायला आणि निघाला.

"पावती?" तात्यांनी हाक मारली.

"नापासची पावती नसते, आजोबा."

तात्यांना सगळ्यात जास्त लागलं ते हे. प्लॉट गेल्याचं त्यांनी पचवलं होतं.

पुढचे तीन आठवडे घर त्या चार ओळींत होतं. शेंगा वाळून तडकायला लागल्या. तोडणी करायची होती आणि बाह्या शिवून झाल्या होत्या, पण मखमलनं बाह्या घातल्या नाहीत. ती उघड्या हातानं झाडाझाडाशी गेली आणि ज्याच्याशी हात सर्वांत जास्त पेटला त्याला आक्कानं दिलेली चिंधी बांधत गेली. त्या झाडांचं बी वेगळ्या गाडग्यात. तोच हात, तीच आग. फक्त आता ती "हे" म्हणाली की बाळ झाड उपटत नव्हता, टोपली पुढं धरत होता. करपलेल्या प्लॉटाच्या पोचट शेंगा त्यांनी चुलीला घातल्या. चांगल्या जळाल्या. वाणाप्रमाणं जळाल्या, असं बाळ म्हणाला आणि आक्का त्या हंगामात पहिल्यांदा खळखळून हसली.

बी निवडून झालं त्या दुपारी मखमल हातांना खोबरेल चोपडून तात्यांच्या खुर्चीशेजारी बसली. बाळानं कागद घेतला. मजकूर तिचा, अक्षर बाळाचं, 'सबब' आणि 'उपरोक्त' हे शब्द तात्यांचे. सही आक्कानं केली, कारण तिच्या सहीला लोक घाबरतात.

*प्रति,*
*मा. बियाणे तपासणी अधिकारी यांस.*

*विषय: आमच्या भेंडी प्लॉटचा नापास शेरा उलट्या बाजूने वाचून मिळणेबाबत.*

*महोदय,*

*उपरोक्त प्लॉटमधील चार हजारांपैकी त्रेचाळीस झाडे लवदार असल्याने भेसळ ठरली. सदर त्रेचाळीस झाडे जिवंत आहेत. उर्वरित झाडे शुद्ध असून ती मेलेली आहेत. सदर प्लॉटची तपासणी आपल्या निरीक्षकांपूर्वी तुडतुड्यांनी केली होती. त्यांनी पाच ठिकाणी न थांबता प्रत्येक झाडाचे प्रत्येक पान खालच्या बाजूने तपासले, कामात एक दिवसही खाडा केला नाही, आणि आमच्याकडे पाणीही मागितले नाही. त्यांचा शेरा पानोपानी नोंदलेला असून तो आपल्या शेऱ्याच्या बरोबर विरुद्ध आहे.*

*सबब विनंती की, तुडतुड्यांना या खात्याचे निरीक्षक म्हणून मागील तारखेपासून नेमण्यात यावे, त्यांनी नापास केलेली तीन हजार नऊशे पंचावन्न झाडे भेसळ समजण्यात यावीत, त्यांनी पास केलेली त्रेचाळीस झाडे हाच प्लॉट समजण्यात यावा, आणि आमच्याकडून चुकीने उपटली गेलेली दोन झाडे खात्यामार्फत परत उभी करून मिळावीत.*